बाकावरच्यांची शिक्षा

महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर मी अकरा वर्षे बसले, आणि त्या अकरा वर्षांत एकदाही कोणाचे तोंड पाहून निर्णय दिला नाही, असे मी छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. का सांगत नाही, ते लिहून ठेवते आहे. कारण माझ्या घरातली माणसे ही हकीकत आपापल्या सोयीने सांगू लागली आहेत, आणि सोयीने सांगितलेल्या हकीकतीचा मला जन्मभर तिटकारा आहे.

छत्तीस वर्षे मी रुग्णालयात काढली, त्यांतली शेवटची चौदा मेट्रन म्हणून. निवृत्तीनंतर प्राचार्यांनी मला समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बोलावले, तेव्हा खेळाडूंसाठी धड नियमच नव्हता. तो मी केला. जो खेळाडू कायदा मोडेल तो त्या वर्षी मैदानावर उतरणार नाही, आणि पोलिसांत नाव नोंदले गेले की समितीच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत वसतिगृहातली खोली रिकामी करील. "मेट्रनबाई, थोडी ढील ठेवा," प्राचार्य म्हणाले होते. "ढील पतंगाला देतात," मी म्हणाले, आणि कागद त्यांच्यापुढे सहीसाठी सरकवला.

माझा नातू त्याच महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळतो. सगळे गाव त्याला तोफ म्हणते. वय वीस, उंची दारात वाकून यावे लागेल एवढी, आणि घरातल्या कोणत्याही कामाला वेळ नाही. त्याचे मला कौतुक नव्हते असे मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रातला त्याचा फोटो मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. बाहेरून नाही, एवढाच काय तो माझा संयम.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला, स्टेडियमच्या मागच्या गल्लीत, आमच्या गाडीने रस्ता झाडणाऱ्या एका बाईला मागे येता येता पाडले आणि गाडी निघून गेली. नऊ वाजता संघातला एक राखीव खेळाडू आपण होऊन पोलीस ठाण्यात गेला आणि गाडी मी चालवत होतो, असे सांगून आला. अंगाने किडकिडीत म्हणून संघात त्याला काडी म्हणत. दोन हंगाम तो बाकावर बसून होता. नातवाचे म्हणणे असे, की चेंडूंची पिशवी आणायला त्याने काडीला किल्ली दिली; पुढचे त्याला ठाऊक नाही.

"किल्ली दिलीस कशी?" मी जेवणाच्या टेबलाशी विचारले. "गाडी तुझ्या आजोबांनी घेतलेली. ती काय संघाची ढकलगाडी आहे?"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणजे काय? एका बाईचं हाड मोडलंय."

"आई, आता नका ना बोलू," सूनबाई मध्ये पडल्या. "रविवारी त्याची फायनल आहे."

"फायनलच आहे ना? बोहल्यावर तर नाही ना चढायचा? एवढं काय जपायचं?"

मुलगा वर्तमानपत्राआड गेला. तो लहानपणी आजारी पडला की पांघरुणाआड जात असे. आता पांघरुणाचा कागद झाला आहे, एवढाच फरक.

बुधवारी मी रुग्णालयात गेले. माझाच जुना वॉर्ड. त्या बाईच्या मांडीचे हाड मोडले होते; पाय वजन लावून ताणून ठेवला होता, आणि ताण बरोबर आहे की नाही हे मी आधी पाहिले, मग तिच्याकडे. पन्नाशीची असावी. हातांना घट्टे, केस घट्ट बांधलेले.

"तुम्ही कोण?" तिने विचारले.

"गाडी माझी आहे."

तिने मला नखशिखांत न्याहाळले. "मग बसा. उभं राहून माझं हाड जुळणार आहे का?"

मी बसले. असे मला या इमारतीत कधी कोणी बसवले नव्हते.

"मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "पाठ होती माझी. गाडी मागे आली नि मी तोंडावर पडले. दार उघडल्याचं ऐकलं. खिळ्यांचे बूट वाजले, जवळ आले, थांबले. मी म्हटलं, उचला हो मला. तर बूट परत गेले. दार लागलं. संपलं."

"तो मुलगा माफी मागायला आला होता म्हणे."

"आला होता ना. काडीच ती. ढसाढसा रडला. मावशी, माझी चूक झाली म्हणाला. मी विचारलं, अरे, चूक झाली ते झाली, मला उचललं का नाहीस? तर तोंडच उघडेना त्याचं. खाली बघत बसला."

निर्लज्जाला शब्द सुचले नाहीत, असा अर्थ मी लावला. घरी येऊन मी निकालाचा मसुदा माझ्या हाताने लिहिला. जखमी स्त्रीची हाक ऐकून पाठ फिरवणारा विद्यार्थी या संस्थेत राहण्यास अपात्र आहे, असे एक वाक्य त्यात होते. ते वाक्य मला फार आवडले होते. दोनदा वाचले.

गुरुवारी अकराला समिती बसली. मुलाचे ऑफिस महाविद्यालयासमोरच आहे. त्याने मला सोडले, गाडी आवारात लावली आणि किल्ली माझ्या हाती देऊन तो चालत गेला. पोलिसांनी पंचनामा करून गाडी आदल्या दिवशी परत केली होती. काच घातलेल्या लांब टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो: प्राचार्य, क्रीडाशिक्षक, ग्रंथपालबाई, माजी विद्यार्थ्यांतले एक वकील, आणि मी. काडी समोर उभा होता. त्याने जबाब पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला.

"ठीक आहे. कबुली आहे, मग आणखी काय?" क्रीडाशिक्षक घड्याळ पाहत म्हणाले. "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. सही करून टाकू."

क्रीडाशिक्षकांना माझ्या नियमाचा असा पुळका आलेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पण त्या क्षणी मला त्याचा संशय आला नाही. मला समाधान वाटले. हे मी कबूल करते.

तरी मला सवय आहे. वॉर्डात रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीच्या हाती रोगी सोपवते, तेव्हा काय झाले ते क्रमाने सांगावे लागते. "मग बरं वाटेनासं झालं" असले मला कधी चालले नाही. निकालाला कोणी पुढे आव्हान देऊ नये म्हणून मी काडीला त्याच पद्धतीने विचारू लागले.

"गाडीत बसलास. मग?"

"किल्ली फिरवली."

"मग?"

"रिव्हर्स टाकला."

"कसा टाकलास? हाताने दाखव."

त्याने हवेत हात उजवीकडे नेला आणि खाली ओढला. सगळे जग टाकते तसा.

माझ्या हातातले पेन मी टेबलावर ठेवले. आमच्या गाडीचा रिव्हर्स गेली सात वर्षे तसा पडत नाही. आधी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावे लागते, तिथून न्यूट्रलला आणावे लागते, आणि मग दांडा तळहाताने खाली दाबून मागे ओढावा लागतो. दोन मेकॅनिक हात टेकून गेले. ही खोड माहीत असलेली माणसे तीन: मी, माझा मुलगा आणि माझा नातू.

रागाचे माझे दोन प्रकार आहेत. एकात माझा आवाज चढतो. त्याला घरातले सरावले आहेत. दुसऱ्यात तो खाली येतो.

"सगळ्यांनी जरा आवारात चला," मी हळू म्हणाले.

"मेट्रनबाई, त्याची काय गरज?" क्रीडाशिक्षक उठून उभे राहिले.

"गरज मला आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ते अर्थातच आले. मी काडीला गाडीत बसवले आणि म्हणाले, "मागे घे." त्याने ओढले. गाडी करकरली. त्याने पुन्हा ओढले. दाढ उपटताना होतो तसा आवाज झाला. तिसऱ्यांदा गाडी पुढे उसळून बंद पडली.

"पोरगा घाबरलाय हो," क्रीडाशिक्षक म्हणाले. "पाच माणसं उभी आहेत डोक्यावर."

"उतर," मी काडीला सांगितले. "माझ्या मागे उभा राहा. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही." मग शिपायाला मैदानावर पाठवून मी नातवाला बोलावून घेतले.

तो घामाने निथळत थेट माझ्याकडे आला; मागे कोण उभे आहे ते घाईत त्याने पाहिलेही नाही. "काय गं आजी? सराव अर्धा टाकून आलोय."

"मला घरी जायचंय. गाडी मागे घेऊन दे."

"एवढ्यासाठी बोलावलंस?" तो हसला, बसला आणि किल्ली फिरवली. दुसरा, न्यूट्रल, तळहात, मागे. इतके सहज, जसे आपण आपल्या दाराची कडी काढतो. गाडी मुकाट्याने मागे आली. मागे बघायला म्हणून त्याने आरशात पाहिले, आणि आरशात त्याला माझ्या मागे उभा असलेला काडी दिसला, प्राचार्य दिसले, वकील दिसले. त्याने इंजिन बंद केले. उतरला मात्र नाही.

 ग्रंथपालबाई स्वतःच्या चपलांकडे पाहत होत्या. मग काडी आवाराच्या पायरीवर मटकन बसला.

"आजी, आमच्यात असंच असतं," तो म्हणाला.

"गप्प बस," क्रीडाशिक्षक ओरडले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "बोल रे."

"पहिल्या अकरातल्या कोणी काही केलं, तर बाकावरचा पुढे होतो. बाकावरचा गेला तर संघाचं काय बिघडतं? बदल्यात पुढच्या वर्षी पहिल्या अकरात घेतात."

"आजवर किती जणांना घेतलं?"

त्याने डोके खाजवले. जणू हा हिशोब त्याने कधी केलाच नव्हता. "कुणालाच नाही. खोली गेली की मुलगा गावी जातो ना. तो परत कुठे येतो?"

अकरा वर्षांत माझ्या सहीने नऊ खेळाडू वसतिगृहाबाहेर गेले. दुकानाची काच फोडणारा, बसच्या वाहकाला मारणारा, दारू पिऊन कोणाच्या अंगावर दुचाकी घालणारा. नऊच्या नऊ राखीव. हे मला ठाऊक होते! आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्याचा अर्थ असा लावला होता की ज्यांना खेळायला मिळते त्यांना शिस्त लागते, आणि बाकावर बसणारी मुले रिकामटेकडी असतात म्हणून वाया जातात. एका समारंभात मी हे भाषणातही सांगितले होते. टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या ओळीत हे क्रीडाशिक्षक बसले होते आणि तेही टाळ्या वाजवत होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," मी त्यांना म्हणाले.

"मेट्रनबाई, खरं सांगू? तुमच्या नियमानेच ही वेळ आणली. एवढासा गुन्हा असो की एवढा, वर्षभर बाहेर. संघ चालवायचा कसा? मुलांनी आपली वाट काढली."

"मुलांनी वाट काढली, आणि तुम्ही तिच्यावर दिवे लावलेत. नियम जाचक होता तर माझ्या तोंडावर सांगायचं होतं. मी काही चावते का?"

"हो," वकील पुटपुटले. एरवी मी हसले असते.

नियमाच्या बाबतीत क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच माझे डोके अधिक तापले. खऱ्या गोष्टीमागे लपणारा माणूस मला उघड खोटे बोलणाऱ्याहून अधिक किळसवाणा वाटतो. मी माझा मसुदा पिशवीतून काढला आणि त्या आवडत्या वाक्यासकट फाडला.

तेव्हा प्राचार्यांनी घसा खाकरला. "हे सगळं दुर्दैवी आहे. पण आपण घाई नको करू या. सोमवारी पुन्हा बसू. आणि मेट्रनबाई, आता प्रकरण तुमच्या नातवावर येतंय, तेव्हा तुम्हाला समितीत बसता येणार नाही, नाही का?"

"उठले मी. आणि या मुलाच्या खोलीचं काय?"

"पोलिसांच्या नोंदीत आज तरी त्याचंच नाव आहे. बैठक आज झाली. नियमाप्रमाणे पाच वाजता खोली..." त्यांनी हात पसरले. "तुमचाच नियम. मी काय करणार?"

म्हणजे सोमवारपर्यंत तोफ खेळणार होती, आणि काडी त्याआधीच ट्रंक घेऊन रस्त्यावर जाणार होता. ट्रंक गेली की सोमवारी बसायचे कारणच उरणार नव्हते. माझ्याच कागदाने माझेच तोंड बंद करताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही.

"पोलिसांची नोंद बदलली तर?"

"तर अर्थातच. पण ती आज कशी बदलेल?"

मी गाडीचे दार उघडले आणि शेजारच्या सीटवर बसले. "चल," मी नातवाला म्हणाले. "पोलीस ठाणं. रस्ता तुला माहीत नसेल. काडीला माहीत आहे, पण त्याला आता पुष्कळ पाठवलं आपण."

तो गाडी चालवत होता आणि रडत होता. "आजी, रविवारी संध्याकाळी मी स्वतः जाईन. देवाशपथ. तीनच दिवस दे."

"तीन दिवस त्या बाईला दिलेस का?"

"आजी, निवड समितीवाले येणार आहेत. माझं सगळं आयुष्य आहे त्यात."

"काडीला काय दोन आयुष्यं मिळाली आहेत?"

ठाण्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. फौजदारांनी नातवाला ओळखले, उठून हात मिळवला आणि चहा सांगितला. आम्ही कशाला आलो ते ऐकल्यावर त्यांनी चहा परत पाठवला नाही, पण आवाज मऊ केला. "आजी, कबुली आलेली आहे, कागद पुढे गेलेत. मोठी माणसं तुम्ही. रविवार होऊन जाऊ द्या. सोमवारी आरामात या, मी स्वतः लिहून घेतो."

"मी आरामातच आहे," मी म्हणाले, आणि भिंतीकडच्या बाकावर बसले. नातू उभा राहिला. मी त्याला बस म्हणाले नाही.

दोन वाजले. अडीच झाले. फौजदार दोनदा बाहेर जाऊन आले आणि दोन्ही वेळा मला तिथेच पाहून चरफडले. तीनला माझा मुलगा धावत आला. प्राचार्यांनी कळवले असणार.

"आई, घरी चल. लोक बघतायत."

"बघू देत. आजवर चांगलं तेच दाखवलं आपण."

"तो तुझा नातू आहे गं! माझा एकुलता एक मुलगा आहे. परक्या पोरासाठी घरचं पोर बळी देतेस?"

"बळी काडीचा दिलाय, तुझ्या मुलाने. मी तो थांबवायला बसलेय. तुला उभं राहवत नसेल तर त्या खिडकीपाशी वर्तमानपत्र पडलंय."

हे मी बोलायला नको होते. त्याचा चेहरा उतरला आणि तो खरोखरच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्या शब्दांबद्दल मी त्याची क्षमा अजून मागितलेली नाही, मागेन.

साडेतीन झाले तेव्हा मी उठून फौजदारांच्या टेबलाशी गेले. "माझ्या वॉर्डात तुमच्या खात्यातले पुष्कळ जखमी हवालदार येऊन गेले," मी म्हणाले. "एकालाही मी, आज सामना आहे, टाके सोमवारी घालू, असं सांगितलं नाही. वही काढा. नाही तर नाही म्हणून लेखी द्या, तो कागद घेऊन मी तुमच्या वरिष्ठांच्या दारात बसते. बसायची मला चांगली सवय आहे, ते तुम्ही पाहिलंच."

त्यांनी वही काढली.

नातवाने नाव सांगितले, वय सांगितले. गाडी मीच चालवत होतो म्हणाला. काडीला पुढे करायचे कोणी ठरवले हे विचारल्यावर त्याने क्रीडाशिक्षकांचे नाव घेतले आणि मग, माझ्याकडे न पाहता, "आणि मी हो म्हणालो," असे जोडले. एवढे तरी त्याने स्वतःहून जोडले.

"बाई पडल्यावर खाली उतरला होतास?" फौजदारांनी विचारले.

"उतरलो होतो."

"जवळ गेलास?"

"गेलो."

"ती काही बोलली?"

नातवाने ओठ चावला. खिडकीपाशी माझा मुलगा वळून उभा राहिला होता.

"उचला हो मला, म्हणाली."

"मग?"

"मी वाकलोही होतो. खरंच वाकलो होतो, आजी. पण तेवढ्यात फायनल आठवली."

फौजदारांचे पेन थांबले. त्यांनी आधी माझ्या मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. एवढे वाक्य गाळू का, असे ते न बोलता विचारत होते. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. तिकडे वसतिगृहात एक मुलगा कपड्यांच्या घड्या घालत असणार, आणि या मुलाला मी पाळण्यापासून वाढवला होता.

"लिहा," मी म्हणाले. "जसं बोलला, तसंच लिहा. आणि एक प्रत मला आत्ता हवी आहे. पाचच्या आत ती मला एके ठिकाणी पोचवायची आहे."